वाहनांचा संवेग : वर्धा जिल्ह्यातील वाहतुकीच्या इतिहासाच्या अनुषंगाने

गतिमान वस्तूचे वस्तुमान व तिचा वेग यांच्या गुणाकारास संवेग म्हणतात. वस्तुमान किलोग्रॅममध्ये (किग्रॅ.) व वेग दर सेकंदास मीटरमध्ये (मी./से.) मोजल्यास संवेगाचे एकक किग्रॅ. मी./से. असे येते. वेगाला दिशा असल्याने संवेगालाही दिशा असते. संवेगात बदल घडवून आणण्यासाठी वस्तूवर प्रेरणा (बल) लावावी लागते आणि प्रेरणा व ती लागू असण्याचा काळ यांचा गुणाकार संवेगातील बदलाइतका असतो. हा नियम वाहनाला गती देताना जसा लागू पडतो, तसाच ते थांबवितानाही पडतो. वाहन जड आहे की हलके, अथवा ते जलद आहे की मंद, यांपैकी एकच गोष्ट पाहून ते थांबविणे किती अवघड आहे हे सांगता येत नाही. दोहोंचा एकत्र विचार करावा लागतो. वर्धा जिल्ह्यात गेल्या सु. दीडशे वर्षांत बैलबंडी, आगगाडी, अरुंदमापी रेल्वे, मोटारबस व द्रुतगती महामार्गावरील मोटार ही वाहने एकामागून एक आली व पुष्कळदा एकाच रस्त्यावर एकत्र वावरली. त्यामुळे संवेगाच्या तुलनेसाठी या जिल्ह्याचा वाहतुकीचा इतिहास विशेष उद्‌बोधक ठरतो.

संकल्पनेचा विकास : फेकलेली वस्तू हातातून सुटल्यावरही पुढे का जात राहते, हा प्रश्न प्राचीन आहे. वैशेषिक दर्शनात याचे उत्तर ‘संस्कार’ या गुणाच्या आधारे दिलेले आढळते. प्रशस्तपादांनी संस्काराचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले असून त्यांपैकी वेग हा गतिमान द्रव्याच्या पुढील गतीस कारण होतो व गुरुत्वामुळे वस्तू शेवटी खाली पडते, असे प्रतिपादन केले आहे. यूरोपात चौदाव्या शतकात झां ब्यूरीदां यांनी फेकणाऱ्याकडून वस्तूला मिळणाऱ्या आणि तिच्या द्रव्याच्या राशीवर व वेगावर अवलंबून असणाऱ्या एका अंतःस्थ शक्तीची कल्पना मांडली. या दोन्ही विचारांत गती टिकण्यासाठी वस्तूत काहीतरी असावे लागते, असे गृहीत धरलेले होते. गती टिकविण्यासाठी कारण लागत नाही, बदलण्यासाठी लागते, ही निरूढीची कल्पना पुढे सतराव्या शतकात स्थिर झाली.

रने देकार्त यांनी १६४४ मध्ये वस्तूचे आकारमान व चाल यांच्या गुणाकारास ‘गतीची राशी’ मानून विश्वातील तिची बेरीज कायम राहते असे प्रतिपादिले. परंतु त्यांनी दिशेचा विचार केला नाही. ही उणीव क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी दूर केली. १६८६ मध्ये गोटफ्रीट लायप्निट्स यांनी देकार्त यांच्या मापास आक्षेप घेऊन वस्तुमान व वेगाचा वर्ग यांचा गुणाकार हेच गतीचे खरे माप होय, असा पक्ष मांडला. पुढील वर्षी, १६८७ मध्ये, आयझॅक न्यूटन यांचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्यात प्रेरणेचा संबंध संवेगातील बदलाशी जोडण्यात आला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात डच शास्त्रज्ञ विलेम स ग्राव्हेसांडे यांनी मऊ मातीवर धातूचे गोळे उंचावरून टाकून पाहिले, तेव्हा मातीत पडणारा खळगा वेगाच्या नव्हे, तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे दिसून आले. अखेर दोन्ही पक्ष आपापल्या ठिकाणी योग्य आहेत हे स्पष्ट झाले : प्रेरणा किती काळ लावावी लागेल हे संवेगावरून ठरते, तर ती किती अंतरापर्यंत लावावी लागेल हे गतिज ऊर्जेवरून (वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्म्यावरून) ठरते. वाहनांच्या तुलनेत ही दोन्ही मापे जवळ बाळगावी लागतात.

लमाणांचे तांडे व बैलबंडी : वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. त्याचे ठाणे प्रथम पुलगावजवळील कवठा येथे होते. १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविण्यात येऊन ते तेथे हलविण्यात आले. वर्धा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत पिकणारा कापूस, विशेषतः हिंगणघाटच्या पेठेचा ‘बनी’ कापूस, त्या काळी दूरवर प्रसिद्ध होता. रेल्वे येण्यापूर्वी हा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे व पुढे बंड्यांतून मुंबईकडेही जाऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा खुंटल्याने या पेठेचे महत्त्व एकाएकी वाढले.

बंडीचे वैशिष्ट्य असे की, तिचे वस्तुमान मोठे असले, तरी वेग माणसाच्या चालीइतकाच असतो. बैलजोडीसह भरलेल्या बंडीचे वस्तुमान सु. २,००० किग्रॅ. व वेग ताशी ३.६ किमी. (म्हणजे १ मी./से.) धरल्यास तिचा संवेग २,००० किग्रॅ. मी./से. होतो. दोन सेकंदांत ती थांबवावयाची, तर सरासरी १,००० न्यूटन प्रेरणा पुरते व ती बैल आपल्या खुरांच्या आधारे सहज देऊ शकतात. म्हणूनच सपाट रस्त्यावर बंडीला निराळ्या गतिरोधकाची गरज भासली नाही. बैल हेच तिचे एंजिन व तेच तिचे गतिरोधक होत. लोखंडी धाव बसविलेली चाके आणि काळ्या मातीचा रस्ता यांमुळे घर्षणही पुष्कळ असे. पावसाळ्यात तर चाक तुंब्यापर्यंत रुतून संवेग क्षणात नाहीसा होई व बंडी पुन्हा हलविण्यासाठी दुसरी जोडी जुंपावी लागे.

विसाव्या शतकात हवा भरलेल्या रबरी टायरची बंडी प्रचारात आली, तेव्हा ओढण्याचे श्रम कमी झाले आणि तेवढ्याच बैलांना अधिक माल नेता येऊ लागला. परंतु ज्या घर्षणाने बैलांना ओढताना त्रास होत असे, तेच उतारावर त्यांना साहाय्य करीत असे. बैल वगळून १,२०० किग्रॅ. वस्तुमानाची बंडी वीस मीटरला एक मीटर अशा उतारावर असेल, तर गुरुत्वामुळे तिच्यावर उताराच्या दिशेने सु. ६०० न्यूटन प्रेरणा पडते. लोखंडी धावेच्या बंडीत ही प्रेरणा कच्च्या रस्त्याच्या घर्षणात बव्हंशी खर्ची पडे. डांबरी रस्त्यावरील रबरी चाकांच्या बंडीत तिचा मोठा भाग शिल्लक राहून तो जुवावाटे बैलांच्या मानेवर येतो. वाहन सुधारताना गती देण्याइतकाच गती रोखण्याचाही विचार करावा लागतो, याचे हे साधे उदाहरण आहे. १९७० नंतरच्या दशकात बंगलोर येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेची मोहीम हाती घेतली, तेव्हा बैलांना होणारी इजा हा तिचा एक मुख्य विषय होता.

गवळाऊ बैल व शंकरपट : आर्वी, कारंजा (घाडगे) व लगतचा प्रदेश हे गवळाऊ जातीच्या गुरांचे माहेर होय. अंगाने हलके, चपळ व दुडक्या चालीचे हे बैल मराठ्यांच्या काळी जलद वाहतुकीसाठी वापरले जात. जिल्ह्यातील हेटीकुंडी येथे या जातीच्या संवर्धनासाठी शासकीय प्रक्षेत्र आहे. विदर्भात शंकरपट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीत असे बैल रेंगी या अत्यंत हलक्या गाडीला जुंपतात. जोडी, रेंगी व हाकणारा मिळून ८२० किग्रॅ. वस्तुमान व ताशी ३६ किमी. (१० मी./से.) वेग धरल्यास संवेग ८,२०० किग्रॅ. मी./से. येतो, म्हणजे भरलेल्या बंडीच्या सु. चौपट. गतिज ऊर्जा मात्र बंडीच्या १,००० जूलच्या तुलनेत ४१,००० जूल, म्हणजे ४१ पट होते. धावपट्टीच्या शेवटी पुरेशी मोकळी जागा न ठेवल्यास बैल, हाकणारा व प्रेक्षक या सर्वांना धोका का पोहोचतो, हे या आकड्यांवरून लक्षात येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निर्णयाने या शर्यती बंद झाल्या होत्या. महाराष्ट्राने केलेला कायदा न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी वैध ठरविला व नियमांच्या अधीन राहून त्यांस मुभा मिळाली.

आगगाडी : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ–बडनेऱ्याकडून येणारा फाटा पुलगाव व वर्धा या मार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. त्यानंतरच्या दशकात वर्ध्यापासून हिंगणघाटमार्गे वरोड्याच्या कोळसा खाणीपर्यंत दुसरा मार्ग झाला. १९२९ मध्ये बल्लारशाह–काझीपेठ हा दुवा पूर्ण होऊन उत्तर व दक्षिण भारत जोडले गेले आणि वर्धा हे मुंबई–कलकत्ता व दिल्ली–मद्रास या दोन्ही मार्गांच्या संधीवर आले. हिंगणघाट येथील वाफेच्या दाबयंत्रांत कापसाच्या गाठी बांधल्या जाऊ लागल्या. सुटा कापूस वाघिणीत जागा पुष्कळ व्यापतो, पण वजनाने थोडा भरतो. गाठी बांधल्यावर त्याच वाघिणीत कितीतरी अधिक वस्तुमान मावते. अशा रीतीने आगगाडीच्या संवेगात वेग व वस्तुमान असे दोन्ही घटक एकदमच वाढले.

माणसाच्या वा जनावराच्या शक्तीने आवरता येणार नाही असा संवेग या जिल्ह्यात प्रथम रस्त्यावर नव्हे, तर रुळांवर आला. आरंभी गाड्या थांबविण्यासाठी एंजिनावरील व गार्डच्या डब्यातील हाताने आवळावयाचे गतिरोधक असत. प्रत्येक डब्याच्या चाकांवर एकाच वेळी कार्य करणाऱ्या अखंड गतिरोधकाचा प्रसार त्यानंतर झाला. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी दाबित हवेचा गतिरोधक १८६९ मध्ये प्रचारात आणला. भारतात दीर्घकाळ निर्वात गतिरोधक वापरात होता व विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याची जागा दाबित हवेच्या गतिरोधकाने घेतली. तत्त्व एकच आहे : संवेग अनेक डब्यांत विभागलेला असतो, म्हणून तो रोखणारी प्रेरणाही प्रत्येक डब्यावर विभागून लावावी लागते, नाहीतर मागील डबे पुढील डब्यांवर आदळतात.

वर्धा स्थानकावरून जाणाऱ्या दोन गाड्यांची तुलना येथे बोधप्रद ठरेल. कोळशाने भरलेली मालगाडी ५,००० टन वस्तुमानाची व ताशी ५४ किमी. (१५ मी./से.) वेगाची, आणि प्रवासी जलद गाडी १,२०० टन वस्तुमानाची व ताशी १०८ किमी. (३० मी./से.) वेगाची आहे, असे समजू. मालगाडीचा संवेग ७.५ कोटी किग्रॅ. मी./से. व जलद गाडीचा ३.६ कोटी होतो, म्हणजे मालगाडीचा संवेग दुपटीहून अधिक. गतिज ऊर्जा काढल्यास मालगाडीची ५६.२५ कोटी जूल व जलद गाडीची ५४ कोटी जूल येते, म्हणजे जवळजवळ सारखीच. दोन्ही गाड्यांवर सारखीच प्रेरणा लावली, तर त्या जवळजवळ सारख्याच अंतरात थांबतील, परंतु मालगाडीला त्यासाठी दुपटीहून अधिक वेळ लागेल. देकार्त व लायप्निट्स यांच्या अनुयायांचा वाद असा एकाच फलाटावर उभे राहून समजावून घेता येतो.

जलद गाडीचा वेग दर सेकंदास ०.५ मी./से. या दराने कमी होत गेला असे धरल्यास ती थांबण्यास ६० सेकंद व ९०० मी. अंतर लागते. एंजिन चालकास रुळांवरील बंडी दिसली, तरी ती वाचविणे पुष्कळदा त्याच्या हाती नसते, याचे कारण हे आहे. टक्कर झाली असता दोन्ही वाहनांच्या संवेगांत होणारा बदल समान व विरुद्ध असतो. वेगांत होणारा बदल मात्र वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात असतो. वरील मालगाडी २,००० किग्रॅ. वस्तुमानाच्या उभ्या बंडीवर आदळून तिला पुढे नेऊ लागली, तर गाडीचा वेग दर सेकंदास सु. ६ मिलिमीटरने घटेल आणि बंडीचा शून्यावरून जवळजवळ १५ मी./से. होईल. गाडीतील प्रवाशास जो धक्का जाणवणारही नाही, तो बंडीतील कुटुंबाच्या प्राणांवर बेततो. रेल्वे फाटकाचे महत्त्व यातच आहे. देशातील रुंदमापी मार्गांवरील पहारेकरी नसलेली सर्व फाटके जानेवारी २०१९ अखेर बंद करण्यात आली अथवा त्यांच्या जागी पहारा, भुयारी मार्ग किंवा पूल यांची व्यवस्था करण्यात आली.

पुलगाव–आर्वी रेल्वे : आर्वी भागातील कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी ७६२ मिमी. रुंदीचा व सु. ३५ किमी. लांबीचा पुलगाव–आर्वी मार्ग १९१७ मध्ये सुरू झाला. तो सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचा होता. लोकांत ही गाडीही ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाई. बंडीला जो प्रवास करण्यास संपूर्ण दिवस लागे, तो या गाडीने काही तासांत होई. १०० टन वस्तुमानाची गाडी ताशी १८ किमी. (५ मी./से.) वेगाने जात असल्यास तिचा संवेग ५ लाख किग्रॅ. मी./से. व गतिज ऊर्जा १२.५ लाख जूल येते. पुढे या मार्गावरील गाडी बंद पडली व तिची वाहतूक रस्त्याकडे गेली. १४,००० किग्रॅ. वस्तुमानाच्या भरलेल्या बसचा ताशी ५४ किमी. वेगाने संवेग २.१ लाख किग्रॅ. मी./से., म्हणजे त्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी असतो; पण तिची गतिज ऊर्जा १५.७५ लाख जूल, म्हणजे अधिक असते. शिवाय गाडीचा मार्ग राखीव होता. बस मात्र पादचारी, सायकल व बंडी यांच्यामधूनच जाते.

गांधीयुग व वेगाचा विचार : म. गांधींनी १९०९ मधील हिंद स्वराज्य या पुस्तकात रेल्वेवर कठोर टीका केली होती; तथापि देशभर फिरताना त्यांना तिसऱ्या वर्गाच्या डब्याचाच आधार घ्यावा लागला. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन वर्ध्याची मगनवाडी हे त्याचे केंद्र झाले. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्यापासून सु. ८ किमी. अंतरावरील शेगाव (१९४० पासून सेवाग्राम) येथे राहावयास गेले व १९३८ मध्ये मगन संग्रहालय सुरू झाले. मोटारीच्या सांगाड्याला बैल जुंपून केलेल्या एका वाहनास ‘ऑक्सफर्ड’ असे थट्टेचे नाव पडल्याची आठवण या काळातील म्हणून सांगितली जाते. ‘ऑक्स’ म्हणजे बैल व ‘फोर्ड’ ही मोटार. भौतिकीच्या दृष्टीने पाहता सांगाडा तोच राहिला, वेग बैलाचा झाला व संवेग माणसाच्या आवाक्यात आला. गांधीविचारातील वेगाविषयीची साशंकता मुख्यतः नैतिक व आर्थिक स्वरूपाची होती. परंतु जे वाहन चालविणाऱ्यास व समोरच्यासही आवरता येते, त्याचा रस्त्यावरील व्यवहार निराळा असतो, हे तिच्यामागील एक भौतिक तथ्य होय.

मोटार व महामार्ग : १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसगाड्या खेडोपाडी जाऊ लागल्या. जिल्ह्याच्या पूर्व भागातून जाम व हिंगणघाट या मार्गे उत्तर–दक्षिण राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्र. ७, आताचा क्र. ४४) आणि उत्तर भागातून कारंजा व तळेगाव या मार्गे पूर्व–पश्चिम महामार्ग (पूर्वीचा क्र. ६, आताचा क्र. ५३) जातो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाचा जिल्ह्यातून जाणारा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व ७०१ किमी.चा संपूर्ण मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला.

१,२०० किग्रॅ. वस्तुमानाच्या मोटारीचा ताशी ९० किमी. (२५ मी./से.) वेगाने संवेग ३०,००० किग्रॅ. मी./से. असतो. भरलेल्या बंडीचा २,००० हा संवेग या मोटारीस ताशी अवघ्या ६ किमी. वेगानेच प्राप्त होतो. गतिरोधकाने वेग दर सेकंदास ५ मी./से. या दराने कमी केल्यास मोटार ५ सेकंदांत व ६२.५ मी. अंतरात थांबते, चालकाचा पाय गतिरोधकावर पडेपर्यंतच्या एका सेकंदात ती आणखी २५ मी. पुढे गेलेली असते. समृद्धी महामार्गावर हलक्या मोटारींसाठी आरंभी ठरविलेल्या ताशी १२० किमी. वेगाने हेच घडल्यास संवेग एकतृतीयांशाने वाढतो, पण थांबण्याचे अंतर १११ मी.पर्यंत, म्हणजे सु. पावणेदोन पट होते. वेगातील वाढ चालकास थोडी वाटते; अंतरातील वाढ थोडी नसते.

मोटार कशावर तरी आदळून थांबते, तेव्हा आत बसलेल्या माणसाचा संवेगही नाहीसा व्हावा लागतो. ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाचा २५ मी./से. वेगाने संवेग १,५०० किग्रॅ. मी./से. असतो. आसनपट्ट्यामुळे व वाहनाचा पुढील भाग चेपला गेल्यामुळे तो एकदशांश सेकंदात नाहीसा झाला, तर शरीरावर सरासरी १५,००० न्यूटन प्रेरणा पडते. पट्टा नसल्याने तो एकशतांश सेकंदात नाहीसा झाला, तर दीड लाख न्यूटन पडते. संवेगातील बदल दोन्ही प्रसंगी तेवढाच असतो. फरक काळात असतो व जगणे-मरणे त्या काळावर अवलंबून राहते. दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणाचे कार्यही हेच आहे. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळी तालुक्यातील सेलसुरा गावाजवळ मोटार पुलावरून कोसळून वैद्यकीय शाखेचे सात विद्यार्थी मृत्यू पावले. रस्ता सोडलेल्या वाहनाचा संवेग थोडा थोडा कमी करणारे कठडे पुलांवर व भरावांवर का आवश्यक असतात, हे अशा दुर्घटनांवरून स्पष्ट होते.

तुलना : वरील विवेचनातील स्थूल मूल्ये एकत्र पाहिल्यास पुढील क्रम लागतो. प्रथम संवेग (किग्रॅ. मी./से.) व नंतर गतिज ऊर्जा (जूल) दिली आहे.

सायकल व स्वार (८० किग्रॅ., ५ मी./से.) : ४००, १,०००.
भरलेली बैलबंडी (२,००० किग्रॅ., १ मी./से.) : २,०००, १,०००.
दोघांसह मोटारसायकल (२७० किग्रॅ., १५ मी./से.) : ४,०५०, ३०,३७५.
शर्यतीची रेंगी (८२० किग्रॅ., १० मी./से.) : ८,२००; ४१,०००.
मोटार (१,२०० किग्रॅ., २५ मी./से.) : ३०,०००, ३,७५,०००.
बस (१४,००० किग्रॅ., १५ मी./से.) : २,१०,०००, १५,७५,०००.
अरुंदमापी गाडी (१०० टन, ५ मी./से.) : ५,००,०००; १२,५०,०००.
जलद प्रवासी गाडी (१,२०० टन, ३० मी./से.) : ३.६ कोटी, ५४ कोटी.
मालगाडी (५,००० टन, १५ मी./से.) : ७.५ कोटी, ५६.२५ कोटी.

सायकल व बंडी यांची गतिज ऊर्जा सारखी असून संवेगात पाचपट अंतर आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सायकलीपासून मालगाडीपर्यंत संवेग सु. दोन लाख पटींनी वाढतो. माणसाच्या शरीराची सहनशक्ती मात्र बंडीच्या काळी होती तेवढीच आहे. हंगामात कापसाची बंडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, दुचाकी व मालमोटार ही वाहने हिंगणघाट व आर्वीच्या बाजारांकडे आजही एकाच रस्त्याने जातात. अंधारात दिवा नसलेली बंडी व मागून येणारी मोटार यांच्या संवेगांत दहा-पंधरा पटींचे अंतर असते आणि टक्कर झाल्यास वेगातील मोठा बदल बहुधा बैलांच्या व बंडीवानाच्या वाट्यास येतो. म्हणून बंड्यांना परावर्तक पट्ट्या लावणे, गावाजवळ वेगमर्यादा पाळणे, मंद वाहनांसाठी वेगळी पट्टी राखणे व फाटकांच्या जागी पूल बांधणे हे उपाय वाहतुकीच्या नियमांत मोडत असले, तरी त्यांचा आधार संवेगाच्या नियमातच आहे.